अर्ध्या तासाची विश्रांती

(दृश्य : पहाट. तालमीचा दरवाजा उघडतो. हौद्यात फावडं चालतंय.)

पहाटेचे साडेचार. सांगली जिल्ह्यातलं कृष्णाकाठचं एक गाव. बाहेर अजून अंधार आहे आणि तालमीत हौदा, म्हणजे कुस्तीचा मातीचा आखाडा, खणायला सुरुवातही झालीय. ही माती रोज खणावी लागते. रात्रभरात ती बसते, कडक होते आणि तशा मातीत पाठीवर आदळलेलं पोर लवकर उठत नाही. म्हणून आधी फावडं, मग लढत. मातीत ताक आहे, तेल आहे, हळद, लिंबू, कापूर आहे. वास पडद्यावर दाखवता येत नाही, पण ज्यानं तालीम पाहिली आहे त्याला तो आत्ता आला असेल.

मग मेहनत. जोर, बैठका, दोर, आणि लढती. थोरला पैलवान एकामागून एक चार पोरं अंगावर घेतो. हा भाग सगळ्यांच्या ओळखीचा आहे, मोबाइलवर याचेच व्हिडिओ फिरत असतात. लढती संपल्यावर मात्र कॅमेरे बंद होतात. आम्ही आमचा चालू ठेवला.

(दृश्य : हौद्यात आडवे पडलेले पैलवान. एकमेकांच्या अंगावर माती ओढतायत.)

घाम सुकेपर्यंत कुणी हौद्याबाहेर जात नाही. कोरडी माती अंगावर ओढून सगळे पडून राहतात. श्वास खाली बसला की एकमेकांचं अंग रगडायचं. थोरल्याची पाठ धाकटा रगडतो, आणि धाकट्याची थोरला. मांड्या, पिंढऱ्या, मान, खांदे. यात घाई चालत नाही. मग कुंडीत थंडाई घोटली जाते : भिजवलेले बदाम, खसखस, बडीशेप, मिरी. घोटायलाच अर्धा-पाऊण तास जातो आणि तेवढा वेळ पोरं भिंतीला टेकून बसलेली असतात. आंघोळ, जेवण, आणि मग दुपारची झोप. ही झोप ऐच्छिक नाही. दुपारी तालमीत कुणी मोठ्यानं बोललेलं वस्तादांना खपत नाही. फोन त्यांच्या खोलीत जमा. संध्याकाळी पुन्हा हौदा.

वस्तादांच्या हिशेबात ही झोप मेहनतीतच धरलेली असते. जोर-बैठकांनी अंग तुटतं, ते भरून येतं आडवं पडल्यावर. आज ज्याला इंग्रजी नावं देऊन मोठमोठे संघ त्यासाठी माणसं नेमतात, ते आपल्या तालमींनी पिढ्यान्‌पिढ्या पाळलंय. आठवड्यातला एक दिवस हौदा बंद असतो. वस्ताद सोडून कुणालाही ही शिस्त मोडता येत नाही, आणि वस्ताद ती मोडत नाहीत.

ती मोडते चैत्रात.

(दृश्य : यात्रेचं मैदान. हलगी. चहूबाजूंनी माणसं. झाडावर, ट्रॅक्टरवर, पत्र्यावर.)

यात्रेचं मैदान. दुपारी लहान पोरांच्या रेवडीवरच्या कुस्त्या झाल्या, आता शंभर-दोनशेच्या, मग हजारांच्या. सगळ्यांचे डोळे मात्र शेवटच्या जोडीकडे. नंबर एकची कुस्ती. इनाम लाखांच्या घरात. हलगीचा ठेका वाढतो, निवेदक दोन्ही पैलवानांच्या वस्तादांची नावं पुकारतो, आणि शड्डू घुमतो. ही कुस्ती निकाली आहे. ऑलिंपिकच्या मॅटवर तीन-तीन मिनिटांचे दोन टप्पे आणि मध्ये ३० सेकंदांची उसंत असते. इथं पाठ लागेपर्यंत घड्याळाला विचारायचं नाही.

(दृश्य : एकाच रस्त्यावर तीन गावांचे फ्लेक्स. तिन्हींवर एकच चेहरा.)

आता हे फ्लेक्स पाहा. तीन गावं, रस्ता एक, आणि नंबर एकच्या जोडीत चेहराही एकच. तारखा एकमेकींना खेटून. चेहरा आम्ही झाकलाय, कारण या पैलवानाला पुढच्या वर्षीही जोड मिळायला हवी.

असं का होतं, ते पंचांगात आहे. ग्रामदैवतांच्या यात्रा तिथीवर चालतात आणि आपल्याकडे चैत्रातल्या ठरावीक तिथ्यांना गावंच्या गावं यात्रेत असतात. अष्टमी, एकादशी, हनुमान जयंतीची पौर्णिमा. त्याआधी मार्गशीर्षात पुसेगावला सेवागिरी महाराजांची यात्रा, पौषात पालीला खंडोबा. तरी खरी दाटी चैत्र-वैशाखातलीच. पाऊस लागला की मैदानं मिटली. खुराक मात्र बारा महिने चालतो. बदाम, तूप, दूध यांचं बिल शेतकरी बापानं किंवा एखाद्या साखर कारखान्याच्या मानधनानं भागवायचं आणि या दोन-अडीच महिन्यांत जमेल तेवढं फेडायचं. असा पैलवान कुठल्या गावाला नाही म्हणेल? नाही म्हटलं की माज आला, किंवा समोरच्याला घाबरला. पुढच्या वर्षी फ्लेक्सवर दुसरा.

दमलेला पैलवान प्रेक्षकाला लगेच ओळखू येतो. तो डाव टाकत नाही. मानेवर हात ठेवून वजन टाकतो, वेळ काढतो, कडेला सरकतो. एकलांगी, ढाक, कलाजंग असे डाव बघायला दहा कोसांवरून आलेला माणूस मग ओरडायला लागतो. पंच दोघांना मध्ये आणून सोडतात. शेवटी कुस्ती बरोबरीत. गावाचे पैसे गेले, प्रेक्षकाची संध्याकाळ गेली, पैलवानाचं नाव गेलं. आणि गुडघा, खांदा, कंबर गेली ती वेगळीच. शस्त्रक्रिया होऊन घरी बसलेले पंचविशी-तिशीतले पैलवान या पट्ट्यात शोधत हिंडावे लागत नाहीत.

(दृश्य : गुडघ्याला पट्टा बांधलेला तरुण. गोठ्यात धार काढतोय. निवेदन नाही.)

(दृश्य : कराडहून गोळेश्वरकडे जाणारा रस्ता. ऊस. गावाची कमान.)

कराडला लागूनच गोळेश्वर आहे. खाशाबा दादासाहेब जाधव यांचं गाव. जन्म १५ जानेवारी १९२६ चा. वडील दादासाहेब स्वतः पैलवान, त्यामुळे कुस्ती घरातच. शाळा कराडचं टिळक हायस्कूल, पुढे कोल्हापूरचं राजाराम कॉलेज. मातीत वाढलेला हा पैलवान १९४८ ला लंडन ऑलिंपिकच्या मॅटवर उतरला आणि फ्लायवेट गटात सहावा आला. १९५२ ला हेलसिंकीला जायचं तर पैसे नव्हते. लोकांनी वर्गणी काढली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले.

हेलसिंकीत बँटमवेट गट. कॅनडा, मेक्सिको, जर्मनी या देशांच्या पैलवानांना खाशाबांनी हरवलं. मग गाठ पडली जपानच्या शोहाची इशी याच्याशी. ही लढत १५ मिनिटांच्या वर चालली आणि थोडक्यात हातची गेली. श्वास बसायच्या आत पुन्हा पुकारा झाला. समोर सोव्हिएत संघाचा रशीद मम्मदबेयोव. दोन लढतींमध्ये पैलवानाला किमान ३० मिनिटांची विश्रांती मिळाली पाहिजे, असा नियम होता. तो नियम दाखवून भांडायला मॅटशेजारी भारतीय पथकातला एकही अधिकारी नव्हता. खाशाबा तसेच उतरले आणि हरले. इशीला सुवर्ण, मम्मदबेयोवला रौप्य, खाशाबांना कांस्य. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरं यायला १९९६ उजाडावं लागलं.

(दृश्य : जुनी छायाचित्रं. बैलगाड्यांच्या मिरवणुकीचं गावकऱ्यांनी जपलेलं चित्र.)

कराडहून गोळेश्वरपर्यंत बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, ती आजही इथं सांगितली जाते. तो अर्धा तास मात्र आपण हळहळ म्हणून सांगतो आणि पुढं जातो. आम्हाला तिथंच थांबावंसं वाटतं. विश्रांती मागायची कुणी? पुकारा झाल्यावर "मला अर्धा तास द्या" असं पैलवानानं स्वतः म्हणायचं? त्याच्या तोंडी ते वाक्य आलं की ते भीतीचंच ठरतं. म्हणून त्याच्या वतीनं कुणीतरी बोलायला हवं, आणि पुकारा होण्याच्या खूप आधी.

(दृश्य : विश्रामबागेतलं बास्केटबॉलचं मैदान. संध्याकाळ. मुलं खेळतायत.)

सांगलीतली ही मुलं ज्या एनबीएचे, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचे, सामने फोनवर बघतात, तिथं खेळाडूला विश्रांती द्यायची की नाही हा वाद गेली कित्येक वर्षं पेटलेला आहे. नियमित हंगामात एका संघाला ८२ सामने. ऑक्टोबर ते एप्रिल. कधी लागोपाठच्या दोन रात्री दोन वेगळ्या शहरांत. विजेतेपदाची खरी झुंज, म्हणजे प्लेऑफ, त्यानंतर.

२९ नोव्हेंबर २०१२. सॅन अँटोनियो स्पर्स संघाचा सामना मायामीत, देशभर टीव्हीवर दिसणारा. प्रशिक्षक ग्रेग पोपोविच यांनी टिम डंकन, टोनी पार्कर, मनू जिनोबिली आणि डॅनी ग्रीन या चौघांना सामन्याआधीच घरी पाठवलं. उरलेला संघ अवघ्या पाच गुणांनी हरला. लीगनं स्पर्सला अडीच लाख डॉलरचा दंड केला आणि कारण दिलं की समोरच्या संघाला, माध्यमांना, लीगला वेळेत कळवलं नव्हतं. तिकीट काढून आलेल्या माणसाचा राग आम्ही समजू शकतो. आमच्या मैदानावर तो आम्ही पाहिलाय.

पुढं टोरोंटो रॅप्टर्सनी २०१८-१९ च्या हंगामात कवाय लेनर्डला ८२ पैकी फक्त ६० सामने खेळवले. आदल्या हंगामात मांडीच्या दुखापतीनं तो नऊच सामने खेळू शकला होता. ताजातवाना लेनर्ड प्लेऑफचे २४ सामने खेळला, रॅप्टर्स विजेते झाले आणि अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडूही तोच. मग सगळेच संघ तसं करायला लागले. २०२३ मध्ये लीगनं नियम आणले. एका सामन्यात एकापेक्षा जास्त प्रमुख खेळाडूंना बसवायचं नाही, आणि मोठ्या वैयक्तिक पुरस्कारांसाठी किमान ६५ सामने खेळलेले असले पाहिजेत. २०२४ च्या सुरुवातीला लीगच्या एका अहवालानं सांगितलं की सामने चुकवल्यानं दुखापती कमी होतात असं आकडेवारीत दिसत नाही. हे लपवण्यासारखं नाही. पण ज्या खेळाडूला न खेळलेल्या रात्रीचाही पगार मिळतो, ज्याच्या मागे डॉक्टर आणि फिजिओ उभे असतात, त्याच्यावरून आमच्या पैलवानाचा हिशेब मांडता येणार नाही.

(दृश्य : सांगलीतलं शिवाजी स्टेडियम. मुली नेटमध्ये फलंदाजी करतायत.)

क्रिकेटमध्येही हेच आहे. २०२५ च्या इंग्लंड दौऱ्यात जसप्रीत बुमराह पाचपैकी तीनच कसोटी खेळणार, हे आधीच जाहीर झालं होतं. पाठीची जुनी दुखापत. तो तीनच खेळला. टीका भरपूर झाली, कारण भारतानं जिंकलेल्या दोन्ही कसोटींत तो नव्हता. मोहम्मद सिराज मात्र पाचही खेळला, १८५ हून जास्त षटकं टाकली, २३ बळी घेतले आणि ओव्हलची कसोटी सहा धावांनी काढून दिली. सिराजला सलाम. पण प्रत्येक शरीर सिराजचं नसतं, आणि त्याचंही कायम तसं राहणार नाही.

सांगलीत वाढलेल्या स्मृती मानधनाची महिला विश्वचषकातली सलामीची जोडीदार प्रतीका रावल. २६ ऑक्टोबर २०२५, नवी मुंबई, बांगलादेशाविरुद्धचा शेवटचा साखळी सामना. भारत उपांत्य फेरीत आधीच पोहोचला होता. क्षेत्ररक्षण करताना प्रतीकाचा पाय मुरगळला. सामना पावसात वाहून गेला आणि आठवडाभरानं झालेला अंतिम सामना तिनं व्हीलचेअरवरून पाहिला. या नेटमधल्या मुलींना हे पाठ आहे.

(दृश्य : एका देवळाचा सभामंडप. सतरंजी. दोन गावांच्या यात्रा कमिट्या. मधोमध कालनिर्णय.)

दोन शेजारची गावं. नावं सांगू नका म्हणाले, कारण अजून सगळं ठरलेलं नाही. यात्रेची तिथी हलवता येत नाही. देवाचा छबिना, पालखी, नैवेद्य त्याच दिवशी. पण कुस्त्यांचं मैदान तिथीला बांधलेलं नाही. काही गावांत ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भरतंच. मग शेजारच्या गावांनी आधीच एकत्र बसून मैदानं चार-पाच दिवसांच्या अंतरानं का लावू नयेत? नंबर एकचा पैलवान एका गावाला मिळाला तर दुसऱ्यानं दुसरी तगडी जोड लावावी आणि फ्लेक्स छापायच्या आधी लोकांना सांगावं. जिल्ह्यात चांगल्या पैलवानांचा तुटवडा नाही. मुलींच्या जोडीही लावता येतील. पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा २०२३ ला याच सांगलीत झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं ती जिंकली, हे बैठकीत एका आजोबांनी सगळ्यांना ऐकवलं.

अडलं ते पैशाच्या प्रश्नावर. चार मैदानांऐवजी दोनच केली तर पैलवानाचा खुराक कशातून चालायचा? एका कमिटीचं म्हणणं, इनाम वाढवू. दुसरी म्हणते, वर्गणी तेवढी जमत नाही. वस्तादांनी तिसरं सुचवलं : इनामातला थोडा भाग यात्रेआधीच, खुराकासाठी तालमीकडे द्यावा. यावर दोन्ही बाजू बराच वेळ बोलल्या. येत्या चैत्रात दोन्ही गावांनी एकाच पैलवानाला लागोपाठच्या दिवशी जोड द्यायची नाही, एवढं त्या रात्री वहीत लिहिलं गेलं आणि खाली दोन्ही अध्यक्षांच्या सह्या झाल्या. खुराकाच्या पैशाचा विषय दिवाळीनंतरच्या बैठकीवर गेला. त्या बैठकीला जिल्ह्यातल्या बाकीच्या तालमींच्या वस्तादांनाही बोलवायचं ठरलंय.