आकाशात टाकलेली नीळ

नागपूरच्या फुटाळ्यावर दिवस बुडालाय. कणसं भाजणाऱ्यांच्या गाड्यांवर दिवे लागलेत, तलावाचं पाणी काळं पडलंय. आता वर बघा. न लुकलुकणारा एक ठिपका सरळ चाललाय. अवकाश स्थानक. आपल्याकडे अंधार, पण तिथे ४०० किलोमीटरवर अजून ऊन आहे.

नेमकी हीच वेळ शास्त्रज्ञ गाठायचे.

पृथ्वीभोवतीचा प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित कणांचा वायू, डोळ्यांना दिसत नाही. मग तो कुठे वाहतो ते कळावं कसं? बादलीत नीळ टाकतो, तसा त्यात रंग टाकून. रंग कसला, तर बेरियम. दिवाळीच्या फटाक्यांत हिरवा रंग आणतं तेच. डब्यात बेरियम आणि कॉपर ऑक्साइड पेटवायचं; जास्तीच्या बेरियमची वाफ बाहेर सुटते.

आधी गोल, हिरवा ढग दिसतो. उन्हाने अर्ध्याएक मिनिटात अणूंमधला एकेक इलेक्ट्रॉन सुटतो आणि हिरव्यातून जांभळा ढग वेगळा निघतो. इथे निळीचा दाखला संपला. नीळ बादलीभर होते. हा जांभळा ढग आडवा पसरतच नाही. चुंबकीय बलरेषा धरून लांबतो, पेळूतून सूत निघावं तसा. हिरवा मात्र वाऱ्यासोबत जातो. दोघांची ताटातूट जमिनीवरून कॅमेऱ्याने टिपली, की वरचं विद्युत क्षेत्र काढता येतं.

२७ डिसेंबर १९८४. अँप्टी मोहिमेतल्या जर्मन उपग्रहाने लाखभर किलोमीटरवर, सौरवाऱ्याच्या, म्हणजे सूर्याकडून येणाऱ्या कणांच्या, झोतात बेरियम सोडलं. माणसाने केलेला धूमकेतू! शेपूट फुटली, ती अपेक्षित होती. पण डोकं झोतासोबत न जाता आडवंच सरकलं. आयन, म्हणजे इलेक्ट्रॉन सुटलेले अणू, एका अंगाला ओढले गेले, त्याचा धक्का डोक्याला उलट्या अंगाने बसला. त्याच वर्षी सौरवाऱ्यात सोडलेलं लिथियम पृथ्वीच्या चुंबकीय कवचात शिरतं का, याची पृथ्वीजवळच्या अमेरिकी उपग्रहाने वाट पाहिली. खात्रीने हाती काही लागलं नाही. मला तर हा रिकामा हातही मोलाचा वाटतो. बाहेरचे कण आत शिरणं वाटलं तितकं सोपं नव्हतं. पुढे १९९० मध्ये क्रेस उपग्रह असेच डबे घेऊन गेला.

आपल्याकडून उडालेलं पहिलं रॉकेट, थुंबा, २१ नोव्हेंबर १९६३, त्यातही वाफच होती. सोडियमची, वरचा वारा बघायला. केरळच्या संध्याकाळी आभाळात रंगीत रेघ उमटली. भाताचं मिठाचं पाणी उतू जाऊन गॅसची निळी ज्योत पिवळी होते ना, तोच रंग.