चेंदणीचा ओटा

(दृश्य : ठाणे स्टेशन, पूर्वेकडची बाजू)

पूर्वेला उतरून रिक्षांच्या गराड्यातून वाट काढली की मीठबंदराच्या वाटेवर चेंदणी कोळीवाडा लागतो. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली आगगाडी ठाण्यात आली, तेव्हा हा कोळीवाडा इथंच होता. रुळांनी त्याचे दोन तुकडे केले.

दुरुस्तीला काढलेलं हे घर बघा. कौलारू, पुढं ओटा, आत माळा. माळ्यावर वारा खेळता ठेवलेला, कारण सुती आणि तागाची जाळी ओली राहिली की कुजायची. नायलॉन आलं, ती काळजी मिटली. मग माळ्याची खोली झाली आणि झरोके बुजले.

(दृश्य : भिंतीवरचा पोपडा, जवळून)

खरा घोळ मात्र भिंतीत आहे. वीट चुन्यात बांधलेली. चुन्यातून ओल बाहेर पडते. त्यावर कुणीतरी 'पक्कं काम' म्हणून सिमेंटचा गिलावा चढवला. खाडीची खारी ओल आत अडकली. पाणी सुकतं, मीठ मागं राहतं, त्याचे खडे फुगतात आणि वीट आतून फुटते. भिंतीला लोणा धरला, म्हणतात तो हाच. नख लावलं तरी वीट पिठासारखी हातात येते.

आता सिमेंट टाचून काढायचं, तेही जपून. नाहीतर विटेचं तोंड सोबत निघतं. भिंत सुकू द्यायची. मग भिजवलेला चुना वाळूत मळून पातळ थरांनी लावायचा, प्रत्येक थर ओला राखायचा. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत तो सावकाश घट्ट होतो. कोकणपट्टीत पूर्वी हा चुना शिंपल्या भाजून करत. गवंडी नाक्यावर मिळतात. चुन्यावर हात बसलेला गवंडी शोधावा लागतो.

आणि एवढं करून इथं पिवळे दिवे लावून कॉफीचं दुकान थाटायचं असेल, तर आमच्या मते भिंत पडलेली बरी. २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर दर्जा, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा हा मान, मिळाला, रोहित पक्षी बघायला माणसं लोटतात. त्याच खाडीत चिंबोऱ्या धरणारे अजून आहेत. त्यांच्या ओट्यांची दखल मात्र घरच्यांनाच घ्यावी लागते.

(दृश्य : ओटा. गवंडी, मुलगा, आजी)

मुलाचं म्हणणं, ओटा फोडून उतार करू, स्कूटर आत येईल. गवंड्याने टेप लावलीसुद्धा.

"स्कूटर राहील बाहेर," आजी म्हणाली. "म्हावरं कुठं निवडू, जिन्यावर?"

गवंड्याने टेप गुंडाळली.