भिंत नसलेल्या जिवाणूचा सांगाडा

श्रोतेहो, नमस्कार.

जिवाणू म्हणजे भिंतीची एक पिशवी आणि आत द्रव, असं आपल्यापैकी अनेकांनी शाळेत पाठ केलं. माणसाच्या, झाडाच्या पेशीत प्रथिनांच्या तंतूंचा सांगाडा असतो, जिवाणूत नसतो, असंही तेव्हा मानत. ते चुकीचं होतं. १९९८ मध्ये केंब्रिजच्या रेण्वीय जीवशास्त्र प्रयोगशाळेत यान लोवे आणि लिंडा एमॉस यांनी जिवाणू दुभंगताना लागणाऱ्या एफटीएसझेड या प्रथिनाची रचना उलगडली. ती आपल्या पेशीच्या सांगाड्यातल्या ट्युब्युलिन या प्रथिनाशी जुळली. २००१ मध्ये त्याच प्रयोगशाळेतून जिवाणूतल्याच एमआरईबीची रचना आली. हे प्रथिन तर ॲक्टिनचं भावंड निघालं. ॲक्टिन म्हणजे आपले स्नायू ज्याच्या जोरावर आखडतात, ते.

आज मला जिच्याबद्दल बोलायचं आहे, ती शास्त्रज्ञ याच घराण्यात घडली आणि आता आपल्या पुण्यात काम करते. डॉ. पनंगाट गायत्री. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत पीएच.डी. केल्यावर त्या लोवे यांच्याकडे केंब्रिजला गेल्या. तिथे त्यांच्या वाट्याला पारएम हे प्रथिन आलं.

पारएमचं काम ऐकलं की मला दरवेळी नवल वाटतं. काही जिवाणूंत मुख्य डीएनएखेरीज डीएनएची छोटी कडी असते, तिला प्लाझ्मिड म्हणतात. आर-वन नावाच्या प्लाझ्मिडवर औषधांना न जुमानण्याची जनुकं असतात. त्याच्या प्रती पेशीत मोजक्याच असतात. पेशी दुभंगताना सगळ्या एकाच बाजूला राहिल्या, तर दुसरी लेक-पेशी रिकाम्या हाती जाणार. तसं होऊ नये म्हणून पारएमचे रेणू एकापुढे एक जोडले जाऊन तंतू वाढत जातो आणि प्लाझ्मिडला पेशीच्या टोकाकडे ढकलतो. पण एका तंतूचं एकच टोक प्लाझ्मिडला धरतं. मग दोन प्लाझ्मिड दोन दिशांना जातात कसे? २०१२ मध्ये 'सायन्स'मध्ये आलेल्या शोधनिबंधात गायत्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की दोन तंतू उलट्या दिशांना तोंडं करून एकमेकांना चिकटतात. त्या जोडीच्या दोन्ही टोकांना एकेक प्लाझ्मिड. औषधाला दाद न देणं पुढच्या पिढीत पोचतं, त्यामागे इतकी नेटकी यंत्रणा आहे.

पुढे पुण्यात पाषाणच्या आयसर या विज्ञान संस्थेत त्यांनी स्वतःची प्रयोगशाळा थाटली आणि प्रश्न निवडला एमआरईबीचा. त्यांनी निवडलेला जिवाणू मला फार आवडतो. स्पायरोप्लाझ्मा सिट्री. तो संत्र्या-मोसंबीच्या कुळातल्या झाडांना रोग लावतो, तुडतुडे त्याला एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात. याला पेशीभित्तिकाच नाही. एरवी जिवाणूचा आकार भिंत सांभाळते, आणि एमआरईबी त्या भिंतीच्या बांधकामावर देखरेख करतं. इथे भिंत नाही, तरी हा जिवाणू मळसूत्रासारखा पिळदार असतो आणि पीळ फिरवत पोहतो. शिवाय त्याच्याकडे एमआरईबीची पाच जनुकं आहेत. भिंत नसताना पाच-पाच कशाला?

या जिवाणूचा एक वाण सरळ असतो, पीळही नाही आणि पोहणंही नाही. त्यात पाचव्या एमआरईबीचं जनुक मध्येच तुटलेलं आहे. गायत्रींच्या गटाने आणि फ्रान्समधल्या बोर्दोच्या सहकाऱ्यांनी त्या वाणात हे जनुक अखंड स्वरूपात परत घातलं. सरळ काडीला पुन्हा पीळ आला, आणि ती पोहू लागली! २०२० मध्ये हे काम प्रसिद्ध झालं. माझ्या मते अशा एका प्रयोगासाठी कित्येक वर्षं खर्ची घालावीत.

त्यानंतर त्यांच्या गटाने याच प्रथिनाचे तंतू बारकाईने तपासले. एमआरईबीचा प्रत्येक रेणू एटीपी धरतो, हे पेशीचं इंधन. रेणूजवळ एटीपी आहे की ते खर्चून एडीपी उरलं आहे, त्यावर तंतूंची मांडणी ठरते, असं २०२२ मध्ये त्यांनी दाखवलं. म्हणजे पिळाचं गूढ आता एका रेणूच्या एटीपी धरणाऱ्या खाचेपर्यंत येऊन पोचलं आहे. पेशीच्या नाजूक पटलाला चिकटलेल्या या तंतूंमधून अख्ख्या जिवाणूला पीळ कसा चढतो, हा त्यापुढचा प्रश्न.

नमस्कार.