आत्या, अंडं आणि फ्लूची लस

नमस्कार मंडळी. माझं औषधांचं दुकान आहे, लशी रोज हाताखालून जातात, पण आज फ्लूच्या लशीबद्दल बोलायला बसले ती आत्यामुळे. आत्या नाना पेठेत राहते, वय ७१, शुगर आहे, गळ्यात तुळशीची माळ. गेल्या वर्षी पावसाळ्यात तिला फ्लू झाला, तो छातीत उतरला आणि आठ दिवस ॲडमिट करावं लागलं. यंदा मे महिन्यात डॉक्टर म्हणाले लस घेऊन टाका, तर आत्यानं सरळ विचारलं, "त्यात अंडं असतं ना हो?" असतं म्हटल्यावर ही उठलीच खुर्चीवरून.

तिचं चुकलं नव्हतं. १९४०च्या दशकापासून फ्लूची बहुतेक लस कोंबडीच्या अंड्यातच बनते. दहा-अकरा दिवस उबवलेलं अंडं घ्यायचं, त्यात व्हायरस सोडायचा, तो वाढला की काढून मारायचा आणि शुद्ध करायचा. शेवटी इंजेक्शनमध्ये अंड्याचा जो अंश उरतो तो मायक्रोग्रॅममध्ये मोजावा लागतो इतका कमी असतो, म्हणूनच अमेरिकेत २०२३ पासून सांगतात की अंड्याची ॲलर्जी असली तरी वयाला चालणारी कुठलीही फ्लूची लस घ्या, वेगळी काळजी नको. पण आत्याला ॲलर्जी नव्हतीच, तिचा प्रश्न माळेचा होता.

मग मी तिला अंड्याशिवाय बनणाऱ्या लशीचं सांगितलं. रिकॉम्बिनंट म्हणतात तिला, फ्लूब्लॉक नावानं अमेरिकेत जानेवारी २०१३ मध्ये मोठ्या माणसांसाठी मंजूर झाली. हिच्यात फ्लूचा व्हायरस वाढवतच नाहीत. व्हायरसच्या अंगावर हिमॅग्लुटिनिन नावाचं एक प्रोटीन असतं, त्याच्या जोरावर तो आपल्या पेशीला चिकटतो, तर त्या प्रोटीनचा फक्त जीन, म्हणजे ते बनवायची कृती, घेतात, तो किड्यांना होणाऱ्या एका व्हायरसमध्ये बसवतात आणि तो व्हायरस किड्याच्या पेशींत सोडतात, की त्या पेशी ते प्रोटीन भराभर बनवायला लागतात. किडा कुठला, तर लष्करी अळी! २०१८ पासून आपल्या मक्यावर जी पडलीय ना, तीच. दर वेळी अळ्या मारत नाहीत हां, फार पूर्वी एकदा घेतलेल्या पेशीच टाकीत वाढवत राहतात. पुण्याच्या सीरमनं कोविडमध्ये कोवोव्हॅक्स बनवली तीही याच पद्धतीची, तेव्हा आपल्यातल्या काही जणांनी असली लस आधीच घेतलीय.

आत्या जरा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "म्हणजे अंडं नाही, पण अळी आहे." आहे, मी तिच्यापासून लपवलं नाही. नुसतं अंडं नाही म्हणून ही लस चांगली असं सांगणं मला पटतच नाही, तिचं खरं मोठेपण वेगळंय.

आपण टेलरकडे मापाला जुना ब्लाऊज देतो, आणि तोच धुवून आटलेला असला तर नवा कसा बसणार? अंड्यात वाढताना फ्लूचा व्हायरस असाच थोडा बदलतो, त्यातही एच३एन२ नावाची फ्लूची जात जास्त, आणि मग शरीर त्या बदललेल्या रूपाला ओळखायला शिकतं. रिकॉम्बिनंटमध्ये माप थेट जीनवरून घेतलेलं असतं. शिवाय साध्या लशीत प्रत्येक जातीचं प्रोटीन १५ मायक्रोग्रॅम असतं, हिच्यात ४५. २०१४-१५ मध्ये पन्नाशीच्या पुढच्या जवळपास ९ हजार लोकांवर अभ्यास झाला, त्यात साध्या लशीपेक्षा हिच्या गटात तपासणीत पक्का ठरलेला फ्लू ३० टक्के कमी निघाला. म्हणून २०२२ पासून अमेरिकेत ६५च्या पुढच्यांना ज्या तीन प्रकारच्या लशी आधी द्या म्हणतात, त्यात ही आहे.

पण मंडळी, काउंटरवर लोक मला म्हणतात की ताई, ती नवी आली की घेऊ, तेव्हा जीव खालीवर होतो. आपल्याकडे डॉक्टरांच्या फ्रिजमध्ये बहुतेक अंड्यातलीच लस असते आणि तीही उपयोगाची आहे. पुण्यात फ्लू वाढतो तो पावसात, लशीचा जोर यायला दोन आठवडे लागतात, आणि दर वर्षी नवी घ्यावी लागते. २००९च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूनं देशातला पहिला बळी आपल्या पुण्यात, एका शाळकरी मुलीचा घेतला, तोंडाला रुमाल बांधून फिरणारं ते पुणं मी विसरलेले नाही. त्या स्वाइन फ्लूचाच एच१एन१ व्हायरस अजून दर वर्षी फिरतोय, त्याच्यावरचा भाग दोन्ही लशींत असतो. दोन्हीतल्या कुठल्याही इंजेक्शननं फ्लू होत नाही, दंड दुखेल, अंग कसकसेल, एक-दोन दिवसांत उतरेल. आधी कधी फ्लूच्या लशीनंतर सहा आठवड्यांच्या आत जीबीएस, म्हणजे हातपाय लुळे पडणारा नसांचा आजार, झाला असेल, किंवा लशीनंच जोराची रिॲक्शन आली असेल, तर मात्र डॉक्टरांना आधी सांगा.

आत्यानं चार दिवस घेतले. मग एका सकाळी स्वतःच फोन करून म्हणाली, "औषध ते औषध, माउली समजून घेईल, डॉक्टरांकडे आहे तीच दे." मी खोक्यावर यंदाचा सीझन आहे ना ते तिला वाचून दाखवलं, डाव्या दंडाला टोचून घेतली, दोन दिवस "हात वर होत नाही गं" चाललं होतं. जूनमध्ये पालख्या आल्या तेव्हा निवडुंग्या विठोबाच्या दारात तुकोबांच्या दर्शनाच्या रांगेत तीन तास उभी होती, मास्क लावून.