काकूची फुकणी

ही आमच्या काकूची फुकणी. लोखंडी, दीड हात लांब, एका टोकाला काळी ठिक्कर आणि जिथं तोंड लावायचं तिथं घासून घासून चकचकीत झालेली. चाळीस वर्षं या नळीतून काकूनं चूल फुंकली. मागच्या वर्षी जळगावला डॉक्टरांनी तिच्या हातात दुसरी एक नळी दिली, स्पायरोमेट्री म्हणतात त्या तपासणीला, आणि म्हणाले मावशी, छाती भरून श्वास घ्या आणि एका दमात जोरात बाहेर सोडा. काकूनं तीनदा फुंकलं, तिन्ही वेळा मध्येच खोकल्याची ढास लागली. रिपोर्टमध्ये सीओपीडी आलं, म्हणजे फुप्फुसातल्या हवेच्या वाटा अरुंद झाल्यात आणि आता त्या पूर्ववत होणार नाहीत. आयुष्यात विडीला हात लावलेला नाही तिनं.

आमचं गाव चोपडा तालुक्यात, मागच्या दारातून सातपुडा दिसतो. काकांचं दीड एकर कोरडवाहू, त्यात कपाशी. कापूस वेचून झाला की उरते पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं. ती उपटायची, बैलगाडीत भरायची आणि घरामागं ढीग लावायचा, मग वर्षभर सरपणाची चिंता नाही. खान्देशात गावोगावी हे ढीग दिसतील तुम्हाला. आता कृषी विभाग दरवर्षी सांगतो की हे ढीग घराजवळ, बांधावर ठेवू नका, कारण झाडावर राहिलेल्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दबा धरून बसते आणि पुढच्या हंगामात परत कपाशीवर येते. म्हणजे जे जळण फुकट म्हणून घरी आणलं, तेच पुढच्या वर्षी फवारणीचा खर्च वाढवू शकतं. हे मला स्वतःला फार उशिरा कळलं.

काकूकडे गॅस नाही असं नाही बरं का. उज्ज्वला योजना १ मे २०१६ ला उत्तर प्रदेशात बलियाला सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी काकूच्या नावावर कनेक्शन आलं. १४.२ किलोची लाल टाकी, शेगडी, सगळं. पण तुम्ही घरात आलात तर शेगडीवर कापड झाकलेलं दिसायचं, पाहुणे आले की चहा त्याच्यावर, कोणी आजारी असलं तर पेज त्याच्यावर, आणि रोजची भाकर, डाळ, अंघोळीचं पाणी चुलीवर. हे एकट्या आमच्या घरातलं नाहीये. पाच माणसांच्या घराचा सगळा स्वयंपाक गॅसवर करायचा तर वर्षाला आठ-नऊ टाक्या लागतात, आणि सरकारच्याच आकड्यांत उज्ज्वलाचं घर २०१९-२० मध्ये सरासरी ३ टाक्या भरून घेत होतं, २०२४-२५ मध्ये साडेचारच्या आसपास. वाढलं, चांगलंच आहे, पण निम्मा स्वयंपाक अजून चुलीवरच आहे.

काकूला विचारलं तर म्हणते, "चुल्हावरनी भाकर गोड लागस ना रे भाऊ." लागते, खोटं कशाला बोलू. पण नीट बसून, दोन-तीनदा विचारलं तेव्हा खरं बाहेर आलं. टाकी भरायला रोख पैसे लागतात, सबसिडी नंतर खात्यात येते, आणि रोख काकांच्या खिशात. पऱ्हाटीला खिशात हात घालावा लागत नाही.

आणि पैसे कधी नसतात? जून, जुलै, ऑगस्टला. बियाणं, खत, निंदणी, पोरांच्या वह्या-पुस्तकं, सगळं एकदम येतं आणि कापूस घरात यायला दिवाळी उजाडते. म्हणजे टाकी नेमकी पावसाळ्यात रिकामी. आणि पावसाळ्यातच पऱ्हाटी ओली, ओलं जळण नीट पेटत नाही, नुसतं धुमसतं, आणि धुमसतं म्हणजे अर्धवट जळतं, त्यातूनच धूर, कार्बन मोनॉक्साइड आणि पीएम २.५ नावाचे बारीक कण जास्त निघतात, जे नाकातल्या केसांत अडकत नाहीत, सरळ फुप्फुसाच्या तळाशी जातात. वरून झड लागलेली म्हणून दार-खिडकी बंद. वर्षातला सगळ्यात वाईट धूर वर्षातल्या सगळ्यात कडकीच्या महिन्यांत. मी इतकी वर्षं त्या घरात जेवलो आणि हे दोन धागे कधी जोडून पाहिले नाहीत, याचं मला खरंच वाईट वाटतं.

जागतिक आरोग्य संघटना म्हणते या पीएम २.५ कणांची चोवीस तासांची सरासरी घनमीटर हवेमागे १५ मायक्रोग्रॅमच्या वर नको, आपलं भारतातलं मानक ६०. चूल पेटलेली असताना बंद स्वयंपाकघरात हा आकडा कित्येक शेकड्यांत जातो. आणि तिथं काकूच्या मांडीवर नातू असतो. लहान पोरांचा न्यूमोनिया, कमी वजनाची बाळं, मोतीबिंदू, हृदयविकार, या सगळ्यांशी या धुराचा संबंध आहे. घरातल्या इंधनाच्या धुरानं २०२० या एका वर्षात जगात ३२ लाख माणसं गेली, हा त्याच संघटनेचा अंदाज आहे.

काका म्हणतात फुकट आहे ना जळण. मग आम्ही दोघं ओट्यावर हिशोबाला बसलो. साध्या चुलीत जळणातली दहा-पंधरा टक्केच उष्णता भांड्याला लागते, बाकी वाया, गॅसच्या शेगडीत साठच्या जवळपास लागते, म्हणजे एका टाकीचं काम करायला मोटामोटी दोनशे किलो लाकूड. वीस किलोची मोळी धरली तर दहा मोळ्या. त्या उचलल्या कोणी? मजुरी किती बुडाली? वर काकूचा इन्हेलर, जळगावचं एसटीचं भाडं, सोबत जाणाऱ्याचा रोज. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, इन्हेलरचं बिल दाखव बरं परत.

चूल मोडा असं मी म्हणणार नाही. हिवाळ्यात मळ्यात पऱ्हाटीवर वांगी भाजून भरीत होतंच, खापरावरचे मांडे गॅसवर कोण करणार, करावेतच चुलीवर, पण उघड्यावर, अंगणात. त्रास आहे तो रोजचा, दोन वेळचा, बंद खोलीतला. ज्यांच्याकडे चार-पाच जनावरं आहेत त्यांनी गोबरगॅसचा विचार जरूर करावा, रोज पन्नासेक किलो शेण असलं तर घरापुरता दोन घनमीटरचा प्लांट चालतो आणि त्यातून निघणारी स्लरी, म्हणजे पातळ खत, शेताला मिळते. ज्यांच्याकडे मोठ्या टाकीचे एकदम पैसे नाहीत त्यांना उज्ज्वलात ५ किलोची छोटी टाकीसुद्धा घेता येते, हे कित्येकांना माहीतच नसतं.

आमच्या घरी काय झालं ते सांगतो. यंदा कापूस विकला त्याच दिवशी काकांनी तीन टाक्यांचे पैसे वेगळे काढले आणि काकूच्या हातात दिले, खतासाठी मागायचे नाहीत असं ठरवून. काकूनं ते डाळीच्या डब्यात ठेवले. आषाढात एक टाकी आली, श्रावणात दुसरी. या व्हिडिओचं शूटिंग चालू आहे तेव्हा बाहेर पाऊस आहे, दार बंद आहे आणि काकू शेगडीपुढं भाकर थापतेय. भाकर नीट फुगत नाही म्हणून तिची कुरकुर चालूच आहे. तिसऱ्या टाकीचे पैसे अजून डब्यात आहेत.