आवाज कुठून येतो ते नंतर, कधी येतो ते आधी

नमस्कार मंडळी, राम राम. जळगाव, धुळे, नंदुरबार, जिथून ऐकत असाल तिथल्या सगळ्या गाडीवाल्या भावांशी आणि ताईंशी आज गाडीतल्या त्या आवाजाबद्दल बोलायचंय, जो तुम्हाला रोज येतो आणि गॅरेजला गाडी नेली की नेमका येत नाही.

माणूस गॅरेजवर गाडीतून उतरत नाही तोच मिस्त्री विचारतो, भाऊ, आवाज कथाईन यी ऱ्हायना? मालक बोट दाखवतो, पुढून, डावीकडून. आणि इथूनच गडबड सुरू होते, कारण गाडीचा सगळा पत्रा एकमेकाला जोडलेला असतो, आवाज त्या पत्र्यातून फिरतो, मागच्या चाकापाशी वाजणारी वस्तू कधी कधी ड्रायव्हरच्या पायाशी वाजल्यासारखी वाटते. मग बोट दाखवलं तिथला पार्ट बदलला जातो, पैसे जातात, आवाज तसाच. म्हणून माझं म्हणणं आहे की कुठून हे नंतर विचारा, आधी कधी ते विचारा. गाडी थंड असताना की तापल्यावर, खड्ड्यात की गुळगुळीत रोडवर, वळताना, ब्रेक मारताना, गाडी रिकामी असताना की भरलेली असताना. आवाज पाहिजे तेव्हा काढून दाखवता आला की अर्धं काम झालं समजा.

समजा हायवेवर घूं घूं असा आवाज येतोय. रस्ता सरळ आणि मोकळा बघा, मागेपुढे कोणी नाही याची खात्री करा, आणि ६० च्या स्पीडला गाडी क्षणभर न्यूट्रल करा. इंजिन बंद करायचं नाही बरं का, इंजिन बंद झालं की स्टेअरिंग जड होतं आणि ब्रेकही कडक होतो. न्यूट्रल केल्यावर इंजिनचा आरपीएम खाली आला तरी घूं घूं तशीच राहिली तर इंजिनच्या मागे लागू नका, ते चाकाकडचं आहे, बेअरिंग नाहीतर टायर. आता हे दोन्ही आवाज इतके सारखे असतात की भलेभले चुकतात. लांब वळणावर कान द्या, गाडी डावीकडे वळताना वजन उजव्या चाकांवर जातं, तेव्हा घूं घूं वाढली तर बहुतेक वेळा उजवीकडचं बेअरिंग असतं. वळणाने काही फरक पडत नसेल तर टायरवरून हात फिरवा, चढउतार लागतात का बघा, आणि पुढचे टायर मागे घालून बघा, आवाजही मागे गेला तर बेअरिंगचा खर्च वाचला.

चाळीसगावहून कन्नड घाट चढताना आखूड वळणावर ॲक्सिलरेटर दिला की कट कट कट वाजतं, सरळ रोडला काहीच नाही, असं असेल तर चाकाकडचा एक्सलचा जॉइंट. चाकाच्या आतल्या बाजूला वाकून बघा, जॉइंटवरचं रबरी कव्हर, म्हणजे बूट, फाटलेला असतो आणि ग्रीस चाकाच्या आतून सगळीकडे उडालेलं दिसतं.

आपल्याकडे मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या वर जातो, त्या उन्हात वर्षानुवर्षे उभ्या राहणाऱ्या गाडीचं रबर कडक पडतं, चाकांच्या जोडणीतले बुश, म्हणजे रबरी गादीसारखे तुकडे, सुकतात आणि गतिरोधकावरून जाताना कुरकुर ऐकू येते. एकेका बुशवर पाण्याचा फवारा मारा आणि गाडी हाताने दाबा. ज्या बुशवर पाणी पडल्यावर कुरकुर थांबली, तो आपला बुश. फुकटात निदान होतं.

यावलकडचे एक शिक्षक आमच्या गॅरेजला यायचे, त्यांची गाडी बारीक खड्ड्यात मागून खडखड करायची. दुसऱ्या एका गॅरेजात मागचे शॉकअप बदलून झाले होते, फरक शून्य. तिथे ट्रायलला जाताना मिस्त्री, हेल्पर आणि सर असे तिघं जायचे, हेल्पर मागे बसायचा आणि आवाज गायब, म्हणून सगळे म्हणायचे सर तुम्हाला भास होतो. मला हे फार लागलं, रोज गाडी चालवणाऱ्या माणसाला भास होतो असं म्हणून परत पाठवायचं नाही. आमच्याकडे आल्यावर मी सरांना एकच विचारलं, मागे कोणी बसलं की येतो का? ते थांबले, विचार केला आणि म्हणाले, नाही, सोबत घरचे असले की येत नाही. मग मागची सीट रिकामी ठेवून त्याच रोडला गेलो, मी पुढे बसून हात मागे केला आणि सीटची पाठ जोरात दाबून धरली, खडखड बंद. सोडली, परत चालू. सीटची पाठ ज्या कडीत अडकते तिच्यावरचं रबर झिजून गेलं होतं, लोखंडावर लोखंड वाजत होतं. कडीला काळी चिकटपट्टी गुंडाळली, विषय संपला.

रस्त्याचं काम चालू असलेल्या खडीवरून गेल्यावर एकदम चाकातून किर्र असा कान फाडणारा आवाज आला तर घाबरू नका, ब्रेकची डिस्क आणि तिच्यामागच्या पत्र्यात खडा अडकतो, गाडी थोडी मागे-पुढे घेतली की बऱ्याचदा पडून जातो. पावसात रात्रभर उभी गाडी सकाळी पहिल्या एक-दोन ब्रेकला खरखर करते, तो डिस्कवरचा गंज असतो, तेही चालतं. पण खरखर दिवसभर राहिली तर ब्रेकचं पॅड संपून लोखंड घासतंय, त्याच दिवशी गॅरेज गाठा. आणि स्टेअरिंग फिरवताना खालून खट असा ठोका बसत असेल तर बॉल जॉइंट, म्हणजे चाकाला धरून ठेवणारा गोल सांधा, तपासल्याशिवाय हायवेला गाडी काढूच नका, तो निसटला तर चाक आडवं पडतं.

गॅरेजला जाल तेव्हा चावी देऊन घरी जाऊ नका, ज्या रोडला आवाज येतो तिथे मिस्त्रीला घेऊन जा, तुम्ही चालवा, त्याला शेजारी बसवा. आणि आवाज फक्त सकाळी पहिल्या स्टार्टला येत असेल तर गाडी आदल्या संध्याकाळीच तिथे लावा आणि सांगून ठेवा, सकाळी मी आल्याशिवाय स्टार्टर मारू नका.