आधी सूर, मग चित्र : सुसुमु हिरासावा

मित्रहो, चित्रपटसंगीत कसं जन्माला येतं याची एक पक्की कल्पना आपल्या डोक्यात असते. दिग्दर्शक प्रसंग सांगतो, संगीतकार पेटी पुढे ओढतो आणि प्रसंगाला चाल मिळते. जपानी संगीतकार सुसुमु हिरासावांच्या बाबतीत हा क्रम उलटा झाला. त्यांची गाणी आधीपासून होती. ती ऐकत ऐकत सातोशी कोन नावाच्या अ‍ॅनिमेशन दिग्दर्शकाला चित्रपट कसा रचायचा ते उमगलं आणि हे तो स्वतः मोकळेपणाने सांगत असे. मला आज या उलट्या क्रमाबद्दल बोलायचं आहे.

हिरासावांचा जन्म 1954 सालचा, तोक्योच्या आदाची भागातला. 1973 मध्ये त्यांनी मॅन्ड्रेक नावाचा बँड काढला. लांबलचक, गुंतागुंतीच्या रचना, थोडक्यात प्रोग्रेसिव्ह रॉक. पण त्या दशकाच्या शेवटी पंकची, म्हणजे साध्या, वेगवान, बंडखोर रॉकची लाट आली आणि ही शैली मागे पडली. हिरासावा तिला कवटाळून बसले नाहीत. 1979 मध्ये पी-मॉडेल हा नवा बँड उभा राहिला. गाणी छोटी, वेगवान, सिंथेसायझरच्या टोकदार आवाजांची. प्लास्टिक्स, हिकाशू आणि पी-मॉडेल ही जपानी टेक्नोपॉपमधली, म्हणजे इलेक्ट्रॉनिक आवाजांवर उभ्या पॉप संगीतातली, तीन मोठी नावं ठरली.

इथे कोणीही थांबला असता. लोकांना जे आवडतंय तेच पुन्हा पुन्हा द्यायचं, यात चुकीचं काही नाही. पण 1981 च्या तिसऱ्या अल्बममध्ये पी-मॉडेलने ज्या चकचकीत रंगावर नाव कमावलं होतं तोच खरवडून काढला. संगीत काळोखं झालं, खरखरीत झालं. मला त्यांच्या कारकिर्दीतला हा सर्वांत महत्त्वाचा निर्णय वाटतो. पुढे त्यांच्याकडे जे लोक आले, ते कुठल्या लाटेसाठी आले नाहीत, त्यांच्यासाठी आले.

1988 मध्ये पी-मॉडेल थांबवला आणि 1989 मध्ये हिरासावांचा पहिला एकट्याचा अल्बम आला. इथून त्यांचा आवाज खऱ्या अर्थाने फुलला. खालच्या सुरातून एकदम वरच्या पट्टीत उडी घेणारा गळा, सिंथेसायझरवर उभारलेला प्रचंड वाद्यमेळ, मधूनच अ‍ॅल्युमिनियमच्या अंगाच्या गिटारची किंचाळी. नव्वदच्या दशकात थायलंडचा प्रवास घडला आणि तिथले सूर, तिथले गायक त्यांच्या अल्बममध्ये आले. ऐकताना वाटतं, मोठी मिरवणूक कुठूनशी येते आहे, पण गाव कोणतं ते ओळखू येत नाही.

1997 मध्ये 'बर्सर्क' ही अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशन मालिका आली, हिरासावांच्या संगीतासह. मूळ चित्रकथेचे कर्ते केंतारो मिउरा स्वतः हिरासावांचे चाहते. कथेचं वातावरण मध्ययुगीन युरोपचं : किल्ले, तलवारी, भाडोत्री सैनिक. दुसऱ्या कोणी सरळ युरोपियन ऑर्केस्ट्रा लावला असता. हिरासावांनी लढाईला यांत्रिक ताल दिला आणि त्यावर स्वतःच्याच आवाजाचे थर चढवून घोषासारखं गायन उभं केलं. नायक गट्सची धून मात्र अगदी शांत आहे. एवढा रक्तपात करणाऱ्या माणसाच्या वाट्याला संगीतकाराने आक्रोश दिला नाही, एकटेपणा दिला. आज मालिका आठवणाऱ्या माणसाच्या ओठांवर आधी ही धून येते.

आता कोन. 'मिलेनियम अ‍ॅक्ट्रेस' या त्यांच्या चित्रपटात चियोको नावाची निवृत्त नटी आपली कहाणी सांगते आणि सांगता सांगता आयुष्य व सिनेमे एकमेकांत मिसळून जातात. ती एका माणसाच्या शोधात धावत राहते. सरदारांच्या काळातून, युद्धातून, बर्फातून, थेट अवकाशयानापर्यंत. तेच ते धावणं दर वेळी नव्या वेशात येतं. हिरासावांच्या गाण्यातही एक छोटा आकार फिरून फिरून येतो, दर वेळी मोठा होऊन. चित्रपटाची बांधणी आणि संगीताची बांधणी एकाच हाताची वाटते, ती यामुळे.

'पॅरानॉइया एजंट' या कोन यांच्याच 2004 च्या मालिकेचं सुरुवातीचं गाणं जरूर पाहा. उत्साहाने ओसंडणारं गाणं, आणि पडद्यावर एकेक पात्र उभं राहून खदखदून हसतंय. कोणी पाण्याखाली, कोणी इमारतीच्या टोकावर, मागे अणुस्फोटाचा ढग. सूर उदास असता तर चित्र सोपं झालं असतं. तो आनंदी आहे म्हणून अंगावर काटा येतो.

2006 मध्ये कोन यांचा 'पॅप्रिका' हा चित्रपट आला. त्याच्या संगीतात लोला नावाचा संगणकीय गळा आहे, व्होकॅलॉइड या संगणकाकडून गाऊन घेणाऱ्या तंत्राचा. याच तंत्रातली आभासी गायिका हात्सुने मिकू हिचं नाव जगभर झालं ते त्यानंतर, 2007 पासून. हिरासावांना यंत्राचं वावडं कधीच नव्हतं. 1994 पासून त्यांच्या 'इंटरअ‍ॅक्टिव्ह लाइव्ह' कार्यक्रमांत प्रेक्षकांच्या निवडीनुसार गोष्टीची वाट बदलते. 1999 मध्ये पी-मॉडेलची गाणी एमपी3 स्वरूपात इंटरनेटवरून दिली गेली, तेव्हा बड्या कंपन्या अजून सीडीच्या हिशेबात होत्या. 2001 मध्ये त्यांनी सौरऊर्जेवर एक अल्बम केला. आपला आवाज कोणत्या तारेतून, कोणाच्या परवानगीने लोकांपर्यंत जातो, हा प्रश्न त्यांनी कायम स्वतःच्या हातात ठेवला. चित्रपटवाल्यांपुढे ते ताठ उभे राहू शकले याचं कारणही मला हेच दिसतं. पोटासाठी चित्रपट करायची वेळ त्यांनी स्वतःवर येऊ दिली नाही.

24 ऑगस्ट 2010 रोजी कोन गेले. वय अवघं 46. पुढचा चित्रपट अर्धा राहिला. ही जोडी आणखी वीस वर्षं टिकली असती तर अ‍ॅनिमेशनमध्ये काय काय घडलं असतं, या विचाराने मला आजही हळहळ वाटते. हिरासावा मात्र थांबले नाहीत. 2019 मध्ये, वयाच्या 65 व्या वर्षी, ते जपानमधल्या फुजी रॉक या संगीत महोत्सवाच्या मंचावर उभे होते.

आता 'पॅप्रिका'तली मिरवणूक लावतो. फ्रिज, बाहुल्या, वाद्यं वाजवणारे बेडूक, सगळे चालत येतात तो प्रसंग. पहिल्यांदा पडदा बंद ठेवून फक्त संगीत ऐकू, मग चित्रासकट पाहू. दिवे मालवा.